मुका रेडिओ

३ तारीख

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ओल धरू नये म्हणून रोज अर्धा तास लावून तापवायचा, हे तुझं फर्मान मी इमानानं पाळलं. पण आवाजाचं बटण मोठ्यावरच अडकलंय. खालचे दंतवैद्य वर येऊन म्हणाले, पेशंट खुर्चीतून उठून पळतात. मी म्हटलं, ते तुम्हाला बघून पळत असतील. तरी कॉन्व्हेंटात शिकलेली बाई मी, शेजारधर्म सोडत नाही. स्पीकरच्या दोन्ही तारा उपटल्या. पाच दिवस झाले, रेडिओ छान तापतो आणि चकार शब्द काढत नाही. अशी अक्कल तुला सुचली असती का?

तुझी ताई

८ तारीख

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी प्लग काढ, मग पुढचं वाच. रेडिओतून स्पीकरला ताकद पोचवणारा, पत्र्याच्या पट्ट्यांचा आणि तारेच्या वेटोळ्यांचा एक ठोकळा असतो. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्पीकर काढला की ती ताकद आतच उसळते आणि त्याची केसासारखी बारीक तार जळते. तो गेला तर तसा दुसरा मिळणं मुश्कील, आणि बाबांचा रेडिओ कायमचा मुका. तू आत हात घालू नकोस. कोपऱ्यावरच्या वायरमनकडून तारा जोडून घे, मगच लाव.

आतला जुना कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बोटभर तुकडा, गळका होऊन त्यातून वीज झिरपली तरी हाच ठोकळा जळतो. नवा याच पाकिटात घातलाय, तोही त्याच्याकडूनच बसव. दुकान सोडून मला निघता येत नाही. लोभ असू दे, राग जरा कमी चालेल.

तुझा धाकटा

१३ तारीख

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चाळीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं, पण अर्धी रीत सांगून कुणाकडे पूर्ण उत्तर मागितलं नाही. स्पीकरचं आधी सांगायला तुझी जीभ झिजली असती?

वायरमननं तारा जोडल्या. प्लग मी डोळे मिटून लावला, हे कुणाला सांगू नकोस. आधी नुसती घरघर. मग कुणीतरी कांद्याबटाट्याचे भाव वाचायला लागलं. मी खुर्ची ओढून भेंडीपर्यंत सगळे भाव ऐकले आणि डोळे पुसले.

आता तो बंद आहे. तुझ्या कपॅसिटरला मी वायरमनचा हात लागू दिलेला नाही. बाबांनी तुला तारांना कथलाचा डाग द्यायला याच रेडिओवर शिकवलं होतं. तीन वर्षं दुकानाची सबब ऐकतेय. कपॅसिटर या पाकिटात परत पाठवला आहे. स्वतः घेऊन ये.

लोभ पत्रात मावत नाही, म्हणून आवरते.

तुझी ताई