अप्पांना पाचात एक

तंजावूर, मंगळवार, १४ मार्च २०००, सकाळी सव्वादहा. (छापखान्यात, रॉकेलने हातांची शाई काढून लिहायला बसलो.)

ती. वेंकटरावमामांस, रघुपतीचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला कसा आहे? इकडे अप्पा बरे आहेत. तुम्ही दचकाल, कारण अप्पा आता हाती लागत नाहीत, असं गुरुवारी एसटीडी बूथवरून रडत मीच कळवलं होतं.

आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला, तो भाग मद्रासला कापून काढला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निघताना मी डॉक्टरांना विचारलं, पुढे कसं? ते म्हणाले, "पाचात एक." मी (दहावीला गणितात दोनदा गेलेला) लगेच टक्के काढले. वीस! पस्तिसाखाली कोण पास होतो? पुढचं काही ऐकलंच नाही.

आता लाजेची गोष्ट. तेराव्याच्या पत्रिका लोक घाईत छापून घेतात आणि नावं चुकतात. अप्पांच्या बाबतीत तसं नको, म्हणून मी त्यांची पत्रिका आधीच खिळ्यांनी जुळवली, तारखेची जागा मोकळी सोडून. प्रूफ तपासायला घरी आणलं (मालकांनी पाहू नये म्हणून). ते अप्पांना माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"काय रे रघू, अंबुजाचं नाव गाळलंस? सख्खी बहीण माझी. येऊन भांडेल की!"

मी पाय धरले.

"ऊठ. आणि 'अल्पशा आजाराने' काय? दोन ऑपरेशनं झाली की रे माझी!"

मग त्यांनीच डॉक्टरांना फोन केला. ते 'पाचात एक' म्हणजे धोक्याचे गुण, मामा. कमी तितकं बरं. पाच वाईट गोष्टींपैकी अप्पांच्या वाट्याला एकच, की पहिल्या ऑपरेशननंतर वर्षाच्या आत गाठ यकृतात दिसली. मात्र हा पुष्कळ रोग्यांवरून बांधलेला अंदाज आहे, एकट्या अप्पांची हमी नव्हे, असंही डॉक्टर म्हणाले.

तुम्ही ज्यांना सांगितलंत त्यांना कृपया कळवा. चंद्रमतीमावशी काल गळा काढतच आली. अप्पा म्हणाले, "आधी इडली खा, मग रड."

तोंड लपवून बसलेला,
रघुपती

ता. क. जूनमध्ये तपासणी आहे. डॉक्टरांना पुन्हा विचारायचा मला धीर नाही. तुम्ही याल का? मी बोलावलं हे अप्पांना सांगू नका.

ता. क. २. दुपारी जेवायला घरी गेलो, तर अप्पांनी पेटीत टाकायला एक कार्ड दिलं, तुमच्याच नावाचं. उघडं कार्ड, नजर गेलीच. "जूनमध्ये या. रघू फार भितो, डॉक्टरांकडे तुम्हीच आत जा. त्याच्या सोबतीला मी बाहेर बसेन."