उंबराला भाव नाही

गुरुवार, दिवेलागणीनंतर

दत्ताची आरती केली, पण मन लागलं नाही. परड्यातल्या उंबरावर लाल फुली मारून गेलेत. विजेची नवी लाइन आमच्या प्लॉटवरून जाणार, म्हणून मोबदल्याचा कागद घेऊन आज कंपनीचा माणूस आला होता. तारांखालच्या जागेचे पैसे लिहिलेत, नारळाचेही लिहिलेत. उंबरापुढे नुसती रेघ.

"वहिनी, उंबराला बाजारात भाव न्हाय," म्हणाला.

"मी कुठं विकायला काढलाय?"

त्यानं कागद सरळ ह्यांच्यापुढं केला. हे म्हणाले, "पावणं, सही हिची लागतीया." खरंच की! प्लॉट घेताना बाईच्या नावानं स्टॅम्प ड्युटी कमी पडते म्हणून माझं नाव घातलं होतं. तेव्हा चार पैसे वाचले एवढंच वाटलं होतं.

खांब रस्त्याच्या कडेला घेतला तर झाड वाचतं, हे त्यानंच बोलता बोलता कबूल केलं. पण खर्च वाढतो म्हणे. त्यांचा वाढतो, माझा काय?

ती फुली खिडकीतून दिसते. खिडकी लावून लिहायला बसले, तरी डोळ्यापुढं तीच.

पैसे नकोत असं कुठं आहे? वरच्या खोलीचं छत गळतंय, ते झालं असतं. हे मघाशी म्हणाले, "आणि न्हाय सरकवला खांब, तर?"

"तर ह्या पावसाळ्यातही बादली ठेवायची."

सोमवारी तो माणूस परत येतोय. खांब सरकवायचं लिहून आणलं तर सही करीन. नाहीतर चहा पाजून वाटेला लावीन.