मुकी, बडबडी आणि तिसरी

बहमन ३, मंगळवार

बाबांनी आज स्की मागितली!

मी दुकानात गिऱ्हाइकांच्या स्कींच्या कडा घासत बसले होते. बाबा भिंतीला हात लावत लावत आत आले. टोपी काढली नाही, बसलेही नाहीत. म्हणाले, "माहरुख, एक जोडी हवी. सकाळच्या दगडासारख्या बर्फावर धरून राहणारी. आणि दुपारी त्याचा लगदा झाला की त्यात नाक न खुपसणारी." एवढं बोलून गेले. जणू कोपऱ्यावरून नान आणायला सांगितला!

बहमन महिना लागला, तरी या हिवाळ्यात ते एकदाही उतारावर गेलेले नाहीत. पानगळीत तेहरानच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही धूसर. चाळीस वर्षं अर्ध्या शेमशक गावाला स्की शिकवली या माणसाने. घरात तो विषय निघत नाही. ते पेल्याबाहेर चहा ओततात, आई — आमची मामान — पुसते, सगळे खिडकीबाहेर बघतात.

मला आनंद झालाय. आणि भीती वाटतेय. दोन्ही एकदम.

बहमन ४

मामानला सांगितलं. "दे, दे! सोबत कफनही शिवून दे," म्हणाली. मग भाताची सगळी कुरकुरीत खरवड माझ्याच ताटात वाढली. म्हणजे राग माझ्यावर नव्हता.

जेवताना बाबांना म्हटलं, मी नारिंगी जाकीट घालून पुढे राहीन, तुम्ही माझ्या मागून या. चमचा खाली ठेवला त्यांनी. "मी मेंढरू आहे का? चाळीस वर्षं लोक माझ्या मागून आलेत."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ठीक आहे. मग निदान जोडी तरी अशी निवडीन, की एकटे गेले तरी पडणार नाहीत.

बहमन ६, शुक्रवार

सुट्टीचा दिवस, तेहरानची गर्दी. एकाला जाकिटाच्या रंगाला जुळणारी स्की हवी होती. दिली. धडपडेल, पण शोभून धडपडेल!

बहमन ८

पहिली जोडी — रुंद, मऊ, पायाखाली दहा सेंटिमीटर. चूक पोटात घालणारी. कुणालाही विचारा, म्हाताऱ्या माणसाला हीच देतील.

बाबा म्हणाले, "तू चालवून दाखव. मी बघतो." मी बघतो!  लिफ्टवाल्या करामत आगांच्या खोपटाजवळ, खालच्या वळणावर, चहाचा पेला घेऊन ते उभे राहिले. सकाळी साडेआठला सगळा उतार काचेसारखा. कड लागेचना, मी तिसऱ्या वळणावर सरळ घसरले. दुपारी लगद्यात मात्र लोण्यातून गेल्यासारखी गेली.

मी खाली आले तर बाबा म्हणाले, "तिसऱ्या वळणावर घसरलीस. आणि ही जोडी मुकी आहे. नको."

तिसरं वळण तिथून दोनशे पावलांवर आहे. त्यांना दिसलं!! डॉक्टर चुकत नाहीत का कधी? मामानला अजून सांगितलं नाही. आधी खात्री करून घेते.

बहमन ९

करामत आगांना विचारलं. म्हणाले, "बघतोय कसला, पोरी! तुझ्याकडे पाठ होती त्याची. डोळे मिटून चहा पीत होता."

म्हणजे ऐकत होते.

अर्धा तास दुकान बंद ठेवलं. रडले. मग उघडलं.

बहमन ११

आता मी पण हट्टाला पेटलेय. कानांना कळणारी जोडी हवी ना? देते! दुसरी घेतली — अरुंद, पिसासारखी हलकी. टणक बर्फावर असा खडखडाट, की करामत आगा खोपटातून बाहेर आले.

बाबांनी तोंड वाकडं केलं. "ही बडबडी. सगळीकडे एकच रड. बर्फ काय म्हणतोय ते हिच्या बडबडीत ऐकूच येत नाही." आणि वर, "तुझी रोजची जोडी हिचीच बहीण. कधी सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून."

वाईट वाटलंच! सहा वर्षं चालवतेय ती.

पण पटलं. घरी येताना त्यांनी माझा दंड धरला होता. रस्ता निसरडा आहे म्हणून, असं म्हणाले. रस्त्यावर मीठ टाकून बर्फ वितळवलेला होता.

बहमन १३, शुक्रवार

धुकं. वरची लिफ्ट बंद. तेहरानचे लोक हॉटेलात आशचं गरम सूप ओरपत बसलेत आणि माझ्यावर चिडलेत, जणू धुकं मी भाड्याने आणलंय.

मी आठ वर्षांची असताना अशाच धुक्यात वर अडकलो होतो, बाबा आणि मी. माझी मलाच स्कीची टोकं दिसेनात. मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "डोळे मीट. नाहीतरी त्यांचा उपयोग नाही. मी पुढे जातो, माझी कड वाजेल तिथे वळ." कर्र — वळले. कर्र — वळले. खाली पोचले तेव्हा रडायचं विसरले होते.

त्यांना हे आठवत असेल का? विचारायला हवं. विचारणार नाही, अर्थात.

बहमन १७, मंगळवार

तिसरी!!

आत लाकूड, त्याच्या वर-खाली धातूचा पत्रा. कंबर चौऱ्याऐंशी मिलिमीटर — ना काडी, ना फळी. वजनदार आहे, खांद्यावर घेताना शिव्या दिल्या. पण सकाळच्या काचेवर कड टेकवली आणि धरलीच तिने! एकही थरथर नाही, फक्त स्वच्छ कर्र. उन्हातल्या पट्ट्यात तोच आवाज साखर चावल्यासारखा झाला. दुपारी लगद्यात नुसता सुस्कारा. तिथेही नाक वर ठेवलं.

बाबा खोपटापासून दहा पावलं वर चालत आले होते. एकटे. "वर दगड, मधे काच, लिफ्टच्या चौथ्या खांबापासून साखर. बरोबर?"

बरोबर. अगदी बरोबर.

"ही बोलते," म्हणाले. "हीच ठेव."

मी म्हटलं, हो, पण ही एकशे चौसष्ट सेंटिमीटरची आहे, मला चालवायला आणलेली. तुमच्यासाठी एकशे शहात्तर मागवते.

"जी वाजली तीच हवी."

करामत आगा हसायला लागले. "लुत्फुल्ला, अरे तुझ्या हनुवटीलाही पोचणार नाही ती!"

"हनुवटीला कुठे ऐकू येतं?"

खूप वाद घातला मी. उंची सांगितली, वजन सांगितलं. नाही म्हणजे नाही. शेवटी तीच जोडी बाजूला ठेवली. उतारावर हा माणूस दोन मीटरच्या लाल स्की घेऊन जायचा, पहिल्यांदा पाहणारे वळून बघायचे. आता पोरींच्या मापाची जोडी मागतो. म्हातारपण असं येतं तर. मला वाटलं होतं ते भांडून येईल.

बहमन १९

बुटांची पकड बसवायची राहिली आहे. पडल्यावर पाय वेळेवर सुटायचा तर बूट आणि वजन नीट माहीत हवं. बाबांना म्हटलं, तुमचे बूट पिशवीत घालून टेबलावर ठेवा. "ठेवतो," म्हणाले. एका सांगण्यात ऐकलं म्हणजे नवलच.

मामानने त्यांचे जुने हातमोजे शिवून ठेवले आहेत. कोठीत स्कीला लावायच्या मेणाचा वास येतोय. मी तर तिथे मेण वितळवलं नव्हतं.

माझेच बूट सापडत नाहीयेत. कुणा गिऱ्हाइकाला दिले की काय!

बहमन २०, शुक्रवार

पिशवी उघडली. बूट माझे.

घरी धावले. बाबा दारात बसले होते, मांडीवर त्या लाल स्की, हाताला मेण. म्हणाले, "मला माझ्या आहेत की. ती जोडी तुला. पकड तुझ्या वजनाची लाव." मग जरा थांबून, "मेंढरू झालो मी, माहरुख. घंटा तुझ्या पायात बांध."

उद्या पहिल्या लिफ्टने. मी पुढे.