मागल्या दारची बादली

पोलादपूर, १२ डिसेंबर १९९७

ती. आईस,

चारूचा वाकून नमस्कार. शाळा बरी चालली आहे. घरमालकीण गोदूबाई पोटभर जेवू घालतात. अलिबागला थंडी पडली का? बाबांचा गुडघा?

शाळेतून यायची वाट हायवेचीच. अपघात दिसला की थांबते, जखमीला दवाखान्यात पोचवायला सोबत जाते. तसंच पुढे कसं जायचं? जखमी वाटेत गेला, तर गोदूबाई मला उंबऱ्याबाहेरच थांबवतात. मयताला शिवून घरात यायचं नाही, हे तूही शिकवलंसच. मग त्या मागल्या दारी माझ्या डोक्यावर पाणी ओततात.

काल एक बाई होती, तुझ्याच वयाची. महाडच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोचलो तेव्हा श्वास चालू होता.

परतले, तर साडीवरचं रक्त बघून गोदूबाईंनी बादली भरली. "ये गो बाय, बस हितं."

मी म्हटलं, "ती जिवंत आहे."

बादली तशीच आहे. आज सकाळीही मी आंघोळ केली नाही. केली तर ती गेली, असंच वाटत राहील. दवाखान्यात विचारायचा धीर होत नाही.

आई, बाजारात जाताना रस्त्याच्या कडेकडेने जा गं.

तुझी,
चारू