सामुलीची एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज आणि माझी इतर मालमत्ता

मी, रेइयो कुइस्मा, वय सदुसष्ट, राहणार तांपेरे, हेर्वान्ता, तिसरा मजला, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल असा दाखला द्यायला त्या तयार झाल्या नाहीत, म्हणून ही घाई. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण माझे सगळे माझा मुलगा सामुली याला जायचे होते, आणि तो माझ्याआधी गेला.

कलम १. राहते घर, त्यातील फर्निचर आणि बँकेतील शिल्लक माझ्या बहिणीची मुलगी सातु हिला मिळावी. तळघरातील सौनाची, म्हणजे वाफेच्या स्नानघराची, शुक्रवारी सहाची पाळी मृत्युपत्राने देता येत नाही असे सोसायटी म्हणते. तरी सातुने ती हक्काने मागावी. शुक्रवारची पाळी मिळायला मी नऊ वर्षे थांबलो होतो.

कलम २. मी एकतीस वर्षे गिटारच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो. घरी सरावाला काय घ्यावे हे विचारायला लोक माझ्याकडे येत. "मोठा ॲम्प्लिफायर घेऊ नका. फ्लॅटमध्ये त्याचं बटण एकच्या पुढे कधी जाणार नाही, आणि एकवर तो रडतो," असे मी सांगे. लहान, पाच वॅटचा घ्या, म्हणे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर गिटारची वायर थेट रेकॉर्डिंगच्या छोट्या पेटीत घाला, पेटी संगणकाला जोडा, कानाला हेडफोन लावा. शेजाऱ्यांना त्रास नाही, फ्रिजची घरघर नाही, स्वच्छ आवाज. मालकाला महागडे सामान खपायला हवे असे, म्हणून आमचे कधी पटले नाही. पण माझ्या सल्ल्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. तक्रार करणारा मी एकटाच आहे.

कलम ३. सामुली पंधरा वर्षांचा असताना एका रविवारी सकाळी त्याने अँपचा आवाज मोठा केला. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी लागली: 'रविवारी सकाळी माणसे झोपतात.' खाली नाव नव्हते, पण असे टोकदार अक्षर या इमारतीत एकाच बाईचे आहे. त्या म्हणजे आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या हिल्क्का ओयाला. मी त्याच संध्याकाळी दुकानातून पेटी आणि हेडफोन घेऊन आलो.

"बाबा, अँपसमोर एक माइक ठेवूया ना. हळू वाजवेन," सामुली म्हणाला होता.

"माइकमध्ये सगळी खोली शिरते रे. तुझं खुर्ची करकरवणं, नाक ओढणं, सगळं. मग मला ऐकवशील आणि मी हसेन."

"तुम्ही असेही हसताच."

"मग उगाच कारण कशाला देतोस?"

असा तो विषय संपला. मी ओयालाबाईंशी जिन्यात बोलणे टाकले. चार वर्षे सामुली चारला घरी येई, हेडफोन लावी आणि वाजवी. मी सहानंतर पोचायचो.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये, लष्करी सेवेला जायला चार महिने उरलेले असताना, तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला. बर्फ नेहमीच्या जागी नेहमीसारखाच दिसत होता. त्याचा फोनही त्याच्याबरोबर बर्फाखाली गेला. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि कायद्याला त्याची गरज नाही.

कलम ४. सामुलीची आई मारिता तेव्हा औलूला राहत होती, आताही राहते. दफनानंतर आठवड्याने तिचा फोन आला.

"रेइयो, तुझ्याकडे त्याचं एवढं रेकॉर्डिंग आहे. मला त्याचा आवाज पाठव. शिव्या देत असला तरी चालेल."

"फक्त गिटार आहे गं."

"असं कसं? मध्ये काही बोलला असेल. खोकला असेल!"

"वायर थेट पेटीत जाते, मारिता. खोलीतलं काही येतच नाही."

ती म्हणाली, "तूच निवडलं होतंस ना ते?" आणि फोन ठेवला.

मी सगळी एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज ऐकली. तारेवर बोट घसरल्याचे ऐकू येते, चुकला की थांबल्याचे कळते, पण श्वास नाही. सहा वर्षांचा असताना वाढदिवसाला घेतलेली एक चित्रफीत आहे, त्यात तो मेणबत्त्यांवरून भांडतो. एकोणीस वर्षांच्या माझ्या मुलाचा आवाज या जगात कुठेही नाही, आणि तो मी काळजीपूर्वक, अनुभवाने, उत्तम सामान निवडून नाहीसा केला. त्या एप्रिलमध्ये मी दुकानातला चांगल्यातला चांगला माइक घरी आणला आणि त्याच्या खोलीत तासभर चालू ठेवला. फ्रिज आला, लिफ्ट आली. मीही आलो.

कलम ५. ओयालाबाईंवरचा माझा राग मी या लेखाद्वारे रद्द करतो. या वर्षीच्या वसंतात मी इस्पितळातून घरी आलो तेव्हा त्या दारात रावस माशाच्या सूपचे पातेले घेऊन उभ्या होत्या. मी दार लावणारच होतो.

"लावा, लावा. पण पातेलं धरा आधी, हात भाजतोय," त्या म्हणाल्या. मग आत येऊन, न सांगता बसल्या. "तो गेल्यापासून वर फार शांत झालंय हो. तुमचा मुलगा गायचा ना, त्याची सवय झाली होती."

"सामुली गात नसे. हेडफोन लावून वाजवायचा."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्ही कामावर! चार ते सहा रोज गायचा. कानात ते लावलेलं, म्हणून स्वतःचं स्वतःला ऐकू येत नसणार. बेसूर, पण मोठ्यानं. हीटरच्या पाइपातून सगळं खाली यायचं."

बारा वर्षे मी त्या बाईंकडे पाहत नव्हतो, आणि माझ्या मुलाचा आवाज त्यांच्याकडे होता. मी त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी सूप गरम केले.

पुढचे तीन दिवस मी एकेक रेकॉर्डिंग सामुलीच्या पाच वॅटच्या अँपमधून, खोलीभर आवाज करून त्यांना ऐकवले. सत्ताविसाव्याला त्यांनी हात वर केला. "हे! याच्यावर गायचा." शब्द त्यांना अर्धेच आठवत होते. मी माइक त्यांच्यासमोर ठेवला, आणि वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, घोगऱ्या आवाजात, त्या सामुलीसारख्या गायल्या. तो जिथे चुकायचा तिथे चुकल्यासुद्धा. हे बेचाळिसावे रेकॉर्डिंग. यात खुर्ची करकरते आणि मी नाक ओढतो.

कलम ६. सामान पुढीलप्रमाणे द्यावे. गिटार, पाच वॅटचा अँप आणि माइक हेर्वान्ताच्या संगीत शाळेला. अट एवढीच की मुलांचा सराव खोलीसकट रेकॉर्ड व्हावा आणि कोणी काही पुसून स्वच्छ करू नये. थेट जोडायची पेटी फेकून द्यावी. ती चांगली चालते, तरीही फेकावी. हेडफोन माझ्याबरोबर पुरावेत. एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज आणि बेचाळिसावे मारिताला औलूला सातुने स्वतः नेऊन द्यावे, पोस्टाने पाठवू नये. मारिता, तू विचारलेस त्याचे उत्तर होय असे आहे. मीच निवडले होते.

ओयालाबाईंना मला पुष्कळ द्यायचे होते. त्या म्हणाल्या, "मला काही दिलंत तर साक्षीला सही करता येणार नाही. मला सहीच करू द्या." म्हणून त्यांना काहीही दिलेले नाही.

तांपेरे, १४ नोव्हेंबर २०११
(सही) रेइयो कुइस्मा

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना रेइयो कुइस्मा यांनी हा लेख आपले मृत्युपत्र म्हणून सांगून त्यावर राजीखुशीने सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते.

(सही) पेंत्ति नुर्मेला, इमारतीचे देखभालदार
(सही) हिल्क्का ओयाला, निवृत्त शिवणकामगार, दुसरा मजला

साक्षीदार ओयाला यांची जादा नोंद, त्यांच्याच अक्षरात:

एक गोष्ट मी रेइयोंना सांगितली नव्हती, कारण मी शब्द दिला होता. सही करताना खोटे राहू नये म्हणून लिहिते. आपले गाणे खाली ऐकू येते हे सामुलीला माहीत होते. मीच त्याला जिन्यात सांगितले होते, तो जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात. तो लाल झाला, मग हसला. म्हणाला, "ओयालाबाई, बाबांना सांगू नका हं. माझं गाणं रेकॉर्ड करायला ते उद्याच माइक घेऊन येतील." त्यानंतरही तो रोज गात राहिला.