तिसऱ्या खुर्चीवरून दिसलेलं तळं

मंगळवार, डिसेंबर. पुंडलिकनगर

आज पहिल्यांदा दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमधल्या, दोन्ही पायलटांच्या मागच्या तिसऱ्या खुर्चीवर बसून घरी आले. दिल्लीहून येणारं विमान गच्च भरलेलं. माझ्या अन् या कंपनीत एकमेकींच्या पायलटांना असं बसू द्यायची सोय आता झालीये, तरी कॅप्टनपुढं स्वतः जाऊन विचारावंच लागतं. त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. मी स्वतः पायलट, पण तोंडी परीक्षेला आल्यासारखी उभी! कॅप्टनबाई हसल्या. "या, बसा. घरी निघालात ना?"

पाहुण्यानं गप्प बसायचं, हा रिवाज. उतरताना तर कामाशिवाय कुणीच बोलत नाही. अन् नेमकं तेव्हाच फुलंब्रीपाशी अप्पांचं शेततळं दिसलं. निळं, चौकोनी, शेजारी लाल पत्र्याचा गोठा... आमचंच! अप्पा सारखे विचारतात, "वरून दिसतं का गं?" माझी कंपनी इकडं येतच नाही, काय सांगणार? आज दिसलं, तर ओठ घट्ट मिटून बसले.

विमान थांबल्यावर आभार मानताना सांगून टाकलं. कॅप्टनबाई म्हणाल्या, "अहो, उतरायला लागायच्या आधीच सांगून ठेवायचं ना, वाटेत तळं आहे म्हणून! आम्हीपण बघितलं असतं."

खरंच की. मला का नाही सुचलं?

अप्पांना फोन केला. तळं दिसल्याचं सांगितलं, कॅप्टनबाईंचं बोलणंही सांगितलं. तर म्हणाले, "त्या बाईला हुरड्याला घेऊन ये. आपल्या वावरावरून गेली, तशीच उपाशी कशी जाऊ द्यायची?"

विमानात पाहुणी मी होते. अप्पांच्या लेखी मात्र त्याच.