‘तयार’चं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

पायऱ्या तीनच. हेमेंद्रला आठ हव्या होत्या! ऑर्डर मिळाली, बिया दळणं सुरू, दूध तापतंय, फेस येतोय... मी म्हटलं, बाबा, माणसाला कॉफी हवी आहे, कॉफीची जन्मकथा नको. ‘मिळाली’, ‘बनते आहे’, ‘तयार’. संपलं.

तो फोनवर हसला. ‘सर, आप तो क्लास में भी ऐसे ही थे.’ पंधरा वर्षांपूर्वी माझ्या गोंदियाच्या कॉम्प्युटर क्लासात शेवटच्या बाकावर बसायचा. आता सडक अर्जुनीला हायवेवर त्याचं कॉफीचं दुकान आहे – ‘ठहराव’. मोबाईलवरून ऑर्डर करायची, कुठवर आली ते मोबाईलवरच पाहायचं. हे दाखवणारं ॲप लिहायचं काम माझ्याकडे. वीस वर्षं धानाच्या गिरण्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं – कोणतं पोतं कुठं आहे ते सांगणारं. आता कप कुठं आहे ते सांगायचं. फार फरक नाही.

नेहमीप्रमाणे कोऱ्या कागदावर आधी ‘श्री’ लिहिलं, मग चौकोन काढले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हेमेंद्रची नवी कल्पना. ऑर्डर आली की पडद्यावर कप आपोआप भरत जाईल, मिनिटामिनिटाला थोडा थोडा. आत काम सुरू झालं असो की नसो! ‘पब्लिक को अच्छा लगता है, सर.’

नाही म्हणून सांगितलं. माणसानं हातानं काही केल्याशिवाय पडद्यावर काही हलणार नाही. करणाऱ्यानं बटण दाबायचं, मगच पुढची पायरी. खोटा कप मी भरणार नाही. तो जरा नाराज झाला, पण ऐकलं. जुना विद्यार्थी असण्याचा हा एक फायदा.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. आमच्या सौ. अंजूनं तुळशीपाशी वाती लावल्या, मी बाजूला उभा राहिलो. काम नाही केलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एसटीनं सडक अर्जुनी. आजपासून सुरू झालं!

जागा चांगली आहे. दुकान रस्त्याच्या या बाजूला, ट्रक थांबतात ते समोरच्या ढाब्याच्या मैदानात. मध्ये चौपदरी हायवे. ड्रायव्हर पलीकडूनच ऑर्डर करतात, टायरबियर पाहतात, आंघोळ उरकतात, आणि कॉफी तयार झाली की येऊन घेतात. कट्ट्याशी ताटकळत उभं राहायला नको – ॲपची सगळी गंमत तीच. ‘तयार’ झालं की त्यांच्या फोनवर घंटी वाजते. ही घंटी मी स्वतः निवडली. देवळातल्या लहान घंटेसारखी, एकदाच, स्वच्छ.

कॉफी करणाऱ्या मंजूताई. पंचेचाळिशीच्या असतील, इथल्याच जवळच्या गावच्या. आधी शाळेत खिचडी शिजवायच्या. मशीनवर हात असा फिरतो की नागपूरचा शिकलेला माणूसही पाहत राहील. त्यांना बटणं दाखवली. म्हणाल्या, ‘हे तं गॅस पेटवण्यापरीस सोपं आहे.’ कट्टा सांभाळणारा ओमेश म्हणाला, ‘मंग गॅससारखंच रोज विसरू नका.’ त्यांनी त्याच्याकडं फडकं भिरकावलं.

पहिली ऑर्डर दुधराम नावाच्या ड्रायव्हरची. तिरोड्याहून रायपूरला तांदूळ नेतो. चार मिनिटांत ‘तयार’. तो मिशा पुसत म्हणाला, ‘घंटी ऐकून वाटलं, आरती सुरू झाली.’

परत येताना एसटीत डोळे मिटून बसलो. समाधान वाटलं. आपलं काम लोकांच्या हातात गेलेलं पाहणं – यासारखं दुसरं काही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळं सुरळीत. घरी बसून रोज किती ऑर्डरी आल्या ते पाहतो. कोणती ऑर्डर कधी आली, कधी ‘तयार’ झाली, कोणी केली – सगळं एका अहवालात येतं. हा अहवाल हेमेंद्रनं मागितला नव्हता. मीच जास्तीचा दिला. खूश झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी मारुतीच्या देवळातून आलो तर हेमेंद्रचे तीन फोन येऊन गेलेले.

त्यानं अहवाल उघडला होता. पहिले दोन दिवस मंजूताईंची कॉफी चार-पाच मिनिटांत. तिसऱ्या दिवसापासून चौदा. कधी सोळा! ऑर्डर करणाऱ्याला तेवढा वेळ नुसतं ‘बनते आहे’ दिसतं. त्याचं म्हणणं, बाई ढिली पडली. रायपूरचा एक शिकलेला पोरगा त्यानं बघून ठेवला आहे. महिनाअखेर मंजूताईंना नमस्कार.

मी म्हटलं, थांब. ज्या हातानं पहिल्या दिवशी चार मिनिटांत केली तो हात चौदा मिनिटं घेणार नाही. ‘फिर रिपोर्ट गलत है क्या, सर?’

रिपोर्ट माझा आहे. आठवडाभराचा वेळ मागून घेतला.

१६ नोव्हेंबर, रविवार

अहवाल दिला नसता तर ही वेळ त्यांच्यावर आली नसती. दिवसभर हेच डोक्यात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा सडक अर्जुनी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तीन तास नुसतं पाहिलं. हातात घड्याळ.

कॉफी चार मिनिटांतच होते! एकदा तर साडेतीन. कप झाकण लावून कट्ट्यावर ठेवतात, तिथंच तो उभा राहतो, आणि बटण दाबायचं राहतं. ड्रायव्हर आपल्या सवडीनं येतो – पुढं दोनशे पावलांवर रस्त्याखालून बोगदा आहे, त्यातून रमतगमत. तो दुकानापाशी आला की मग मंजूताई बटण दाबतात. म्हणजे घंटी वाजते तेव्हा माणूस दारातच!

दुधराम आला तेव्हा त्याचा फोन त्याच्या खिशात वाजला आणि कप समोर. म्हणाला, ‘बाई, थंडी झाली ना व.’ मंजूताई म्हणाल्या, थंडी झाली तर गरम करून देते. आणि खरंच दिली.

मग मी विचारलं, ताई, कॉफी झाल्याबरोबर बटण काऊन नाही दाबत? हेमेंद्र बाजूला कपाट लावत होता. त्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, ‘माणूस आला का दाबतो, सर. बरं वाटते.’

बरं वाटते! हा शब्द घेऊन परत आलो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उलगडलं. पूजा करताना उलगडलं.

नैवेद्य ताटात वाढला म्हणजे झाला असं आपण म्हणत नाही. देवापुढं ठेवून पाणी फिरवल्यावर झाला. आई चुलीवरून भाकर उतरवायची, पण ‘जेवण झालं’ म्हणायची ते ताटावर माणूस बसल्यावर. मंजूताईंनी दहा वर्षं शाळेत पोरांना वाढलं. त्यांच्या लेखी पातेलं उतरवणं म्हणजे तयार नव्हे. खाणाऱ्याच्या पुढ्यात गेलं म्हणजे तयार. पहिले दोन दिवस मी सांगितलं तसं केलं, मग स्वभाव वर आला.

चूक त्यांची नाही. माझी. एका बटणात मी दोन गोष्टी कोंबल्या – करणं आणि देणं. उपाय सोपा आहे. चौथी पायरी: ‘दिली’. मंजूताई कप कट्ट्यावर ठेवतील, ओमेश उचलून ‘तयार’ दाबेल. माणूस आला, कप हातात गेला की मंजूताईंनी ‘दिली’ दाबायचं. त्यांचं बरं वाटणं त्यांच्यापाशीच राहील.

अंजूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘त्यांना विचारलं का तुम्ही, असंच आहे म्हणून?’ म्हटलं, काही गोष्टी विचारायच्या नसतात, दिसतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर बसून पूर्ण केलं. इतकं नेटकं काम बऱ्याच वर्षांत हातून झालं नव्हतं. ‘दिली’चा रंग हळदीचा ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हेमेंद्रला दुकानात बसवून सगळं समजावलं. घड्याळ लावून दाखवलं – कॉफी चार मिनिटांत होते, बाकी दहा मिनिटं माझ्या बटणाची. सरळ सांगितलं की दोष माझा होता, या बाईचा नाही. त्यानं अहवाल पाहिला, माझ्याकडं पाहिलं. ‘ठीक है सर. रायपूरवाल्याला नको म्हणून सांगून देतो.’

एवढं ऐकायलाच गेलो होतो!

मग मंजूताईंना नवं बटण दाखवलं. त्या हात पुसत ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ‘म्हंजे कॉफी झाली का घंटी वाजन?’

‘लगेच. ओमेश दाबेल.’

‘तं मंग घंटी नोका ठेवू, सर. ओमेश दाबो, पण घंटी नोको.’

मी हसलो. घंटी नाही वाजली तर माणसाला कळणार कसं? त्या पुढं काही सांगू लागल्या, तेवढ्यात हेमेंद्र म्हणाला, ‘मंजूताई, नोकरी वाचवून राहिले सर तुमची. थोडा सुनो ना.’ त्या मशीनची नळी पुसत राहिल्या – पुसून झालेलीच.

नवं आलं की माणूस बिचकतो. आठ दिवसांत सवय होईल. निघताना त्यांना म्हटलं, ताई, आता काळजी करू नका. त्यांनी मान हलवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार मिनिटं दहा सेकंद! दिवसभराची सरासरी. प्रत्येक ऑर्डरपुढं मंजूताईंचं नाव.

आणि आणखी एक. कप कट्ट्यावर ठेवल्यापासून हातात पडेपर्यंत पूर्वी दहा-बारा मिनिटं जायची, ती आता दोनवर आली. म्हणजे घंटी ऐकून लोक लगेच येतात, कॉफी गरम असताना हातात पडते. सांगायला हवं होतं ते पडदा बरोबर सांगतो आहे.

हेमेंद्रनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. साकोलीचा एक मिठाईवाला असंच काही करून मागतो आहे म्हणे. पाहू.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीन मिनिटं बावन्न. ‘तयार’पासून ‘दिली’पर्यंत दीड मिनिट. देवापुढं दोन उदबत्त्या जास्तीच्या लावल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला मंजूताईंचा फोन. दुधराम. घंटी वाजली तशी बोगद्यानं न येता दुभाजकावरून पळत निघाला. पिकअपनं उडवलं. हात मोडला, डोक्याला नऊ टाके. शुद्धीवर आहे – भंडाऱ्याला नेलं.

‘दुकान चालू झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी असाच एक जण पळत आला होता, सर. बस अशी जवळून गेली का मी डोळेच मिटले. तवापासून माणूस अल्याड आला का पाहूनच दाबत होतो मी. शेठजीले सांगतलं तं म्हणले, तुमचं काम कॉफीचं, रस्त्याचं नाही.’

घंटी काढून टाकली. जुना अहवाल उघडून बसलो आहे. तेरा दिवस, दोनशे अठ्ठ्याऐंशी ऑर्डरी, प्रत्येकीपुढं चौदा, पंधरा, सोळा मिनिटं. त्यातला एकही माणूस रस्त्यावर पळाला नव्हता.